डार्करूम सक्तीची हवी, पण फोटोग्राफीच्या तासाला नको

दुसऱ्या वर्षाची

आमच्या कॉलेजात डार्करूम, म्हणजे फोटो हाताने धुवायची-छापायची अंधारी खोली, आहे हे वर्षभर मला ठाऊकच नव्हतं. जिन्याखालच्या एका दारावर 'स्टोअर' लिहिलं होतं आणि त्याला कायम कुलूप. यंदा एका सरांनी भांडून किल्ली मिळवली. आत दोन एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं), ट्रे, मोडकी पाटी आणि कबुतराचं घरटं निघालं. घरटं सोडून बाकी सगळं पुसून घेतलं आणि आम्ही आठ जण आत शिरलो.

पहिली प्रिंट आजीची. गॅलरीत गवार निवडत बसलेली. कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात टाकला, अर्ध्या मिनिटात चेहरा वर आला. लाल दिव्याखाली तो बघता बघता इतका काळा व्हायला लागला की घाबरून चिमट्याने उचललाच. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरनंतर ट्यूबलाइट लावली, तर आजी राखाडी, गवार राखाडी, भिंतही राखाडी. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी.

सगळे सांगतात की डार्करूममुळे संयम येतो. मला नाही पटत. संयमच शिकायचा तर रविवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर उभं राहावं. मी शिकले ते वेगळंच. काळा किती काळा हवा, कागदाचा पांढरा कुठे शिल्लक ठेवायचा, हे मला पहिल्यांदा ठरवावं लागलं. टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे चाचणीच्या तुकड्यावर, उजेडाचे तीन-तीन सेकंदांचे पट्टे पाडले. कॉन्ट्रास्टचा फिल्टर २ लावला तर पदर बरा येई पण चेहरा मेलेला, साडेतीन लावला तर उलट. शेवटी उजेड अडवायला चेहऱ्यावर तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलवत राहिले, दोन सेकंद.

हे सगळं मी आधी केलं होतं, एचिंगच्या वर्गात, जिथे धातूची प्लेट ॲसिडने कोरून छाप घेतात. ॲसिडमध्ये प्लेट किती वेळ, शाई कुठे जास्त पुसायची, मग प्रूफ काढून बघायचं. म्हणून माझं मत: डार्करूम प्रिंटमेकिंगमध्ये टाका आणि एक सत्र सगळ्यांना सक्तीची करा. फोटोग्राफी डिजिटलवर शिकवा, काही बिघडत नाही.

हायपोवाला

ताई, आधी चूक सांगतो, मग भांडतो. लाल दिव्यात प्रिंट असते त्यापेक्षा गडद दिसते, सगळे फसतात. प्लॅस्टिकवाला कागद म्हणजे आरसी असेल तर पूर्ण एक मिनिट, फायबरचा, म्हणजे प्लॅस्टिक नसलेला, असेल तर दोन ते तीन मिनिटं, काही झालं तरी हात लावायचा नाही. गडद वाटली तर पुढच्या कागदाला उजेड कमी द्यायचा. डेव्हलपरमधून लवकर काढून प्रिंट वाचवता येत नाही.

आता भांडण. तालुक्याच्या गावी आमचा स्टुडिओ होता, वडिलांचा आणि नंतर माझा. लग्नसराईत रात्रभर त्या खोलीत. पंखा लावायचा नाही, धूळ उडते. चिमटे होते, पण घाईत कोण वापरतो? डेव्हलपरमधल्या मेटॉलने बोटांची सालं निघायची, नखं तपकिरी. जेवताना भाकरीला हायपोचा, म्हणजे फिक्सरचा वास. कार्यालयातून माणूस यायचा, 'धुतले का फोटो?' नवऱ्या मुलीचा रंग उजळ दिसावा म्हणून निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टिपके मारत बसायचं. त्याला कला म्हणावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. डिजिटल आलं तेव्हा सुटलो असंच वाटलं.

ज्याला हौस आहे त्याने करावं. सक्ती कशाला?

कोरडवाहू

मी लातूरकडे चित्रकला शिकवतो. २०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात मी पोरांना ब्रश धुवायला वाटीभर पाणी द्यायचो, तेही दिवसभर पुरवून. फायबर कागदाची प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात धुवायची असते. हे तुम्ही 'सगळ्यांना सक्तीचं' म्हणताय. सगळे म्हणजे कोण, दादरचे?

शिवाय मे महिन्यात टाकीचं पाणी पस्तिशीला जातं. वीस अंशाचं केमिकल आणायचं कुठून?

हाताने प्रिंट करायला शिकवायचं असेल तर सायनोटाइप करा. दोन रसायनं, कागद, ऊन. एन्लार्जर नको, अंधारी खोली नको. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत आहे, आणि उन्हाचा आमच्याकडे तुटवडा नाही.

दुसऱ्या वर्षाची

सर, 'सगळ्यांना' लिहिताना मी माझ्या कॉलेजापुरताच विचार केला, हे कबूल.

पण पाण्याचा हिशोब वाटतो तेवढा वाईट नाही. इलफर्ड कंपनीची फिल्म धुवायची रीत आहे: फिल्मची छोटी बंद टाकी भरायची, पाच वेळा उलटीपालटी करून पाणी ओतायचं, पुन्हा भरून दहा वेळा, मग वीस वेळा. झालं. एका रोलच्या टाकीला एका वेळी तीनशे मिलिलिटर लागतं, म्हणजे सगळं मिळून लिटरभरही नाही. मात्र फिक्सर हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा. आरसी कागद दोन मिनिटांत धुतला जातो. फायबर मी अजून पाहिलेलाही नाही, आम्हाला परवडत नाही.

तापमानाचं म्हणाल तर आम्ही पिशवीत बर्फ बांधून बाटलीशेजारी बादलीत सोडतो. चोवीस अंशांपर्यंत आलं तरी चालतं, वेळ कमी करायचा. एचपी-५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये विसाला साडेसात मिनिटं लागतात, चोवीसला सव्वापाचच्या आसपास. खरा त्रास घामाचा आहे. मिट्ट काळोखात फिल्म रिळावर चढवताना बोटं ओली असली की ती अर्ध्यात अडकते, ना पुढे ना मागे. माझा एक आख्खा रोल असा गेला. हजाराच्या घरातला.

सायनोटाइप छानच आहे, पण निळा. काळ्यासाठी भांडतेय मी.

पिक्सेलप्रेमी

हजाराचा रोल अडकवून तुम्ही शिकलात काय, तर रोल अडकतो!

तुमचा मुद्दा प्रिंटचा आहे ना? मग कॉटन रॅग कागदावर इंकजेट काढा. काळा किती काळा, पांढरा कुठे, हे सगळे निर्णय तिथेही घ्यावेच लागतात. डॉज (उजेड अडवून फिकं करणं) आणि बर्न (जादा उजेड देऊन गडद करणं) ही नावं तुमच्या त्या पुठ्ठ्यावरूनच आली, आता माझ्या लॅपटॉपवर बटणं आहेत. चुकलं तर मागे जातो, कागद वाया जात नाही. कॉलेजने त्या पैशात एक चांगला प्रिंटर आणि कॅलिब्रेट केलेला मॉनिटर घेतला तर साठ मुलं शिकतील. आठ नाही.

आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं उदाहरण कुणी देण्याआधी मीच देतो. त्या मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या होत्या हे बरोबर, पण कॅमेरा त्यांच्या हातात आला तो पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशांमुळे. शिकणारा कुठूनही शिकतो. अभ्यासक्रमात ढकललं की त्याची फक्त जर्नल होते, शेवटच्या रात्री मित्राचं बघून पूर्ण केलेली.

लिनो आणि लाकूड

प्रिंटमेकिंगवाली बोलतेय. इंकजेटला मी प्रिंट मानते, वाद नाही. पण मागे जाता येतं हीच तर अडचण आहे. माझी मुलं स्क्रीनवर चाळीस आवृत्त्या करतात आणि 'मॅम, कुठली बरी?' म्हणून मलाच विचारतात. डार्करूममध्ये दुपारभरात चार प्रिंट निघतात. त्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्या की कुणाला विचारावं लागत नाही.

मूळ मुद्द्यावर मात्र माझा विरोध आहे. आमच्या विभागात आणू नका, प्लीज. एचिंगच्या नायट्रिक ॲसिडचे धूर आधीच पुरेसे आहेत, एक्झॉस्ट एकच, तोही दमलेला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, ती मोरीत ओतायची नसते. आठ मुलांचं ठीक आहे, साठांचे कॅन मी ठेवू कुठे? शिपाई ते फिनेल समजून संडासात वापरेल, हसू नका, ॲसिडच्या बाबतीत जवळपास झालंय.

हायपोवाला

चांदीवरून आठवलं. जुना हायपो कॅनमध्ये साठवून ठेवायचो. एक जण एक्स-रेच्या फिल्मा गोळा करत यायचा, तोच घेऊन जायचा. हे वडिलांचं खातं होतं. त्या पैशातून दिवाळीला आईला काहीतरी व्हायचं.

उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी चालू होती तेव्हा आपला 'इंदू' कागद मिळायचा. आता ती बंद, कागद बाहेरून येतो, म्हणून हा खेळ महाग. मुलांना हे सांगा. नाहीतर त्यांना वाटेल डार्करूम म्हणजे पहिल्यापासूनच श्रीमंतांची हौस. आमच्याकडे पासपोर्टचे फोटो काढायला शेतमजूर यायचे.

कोरडवाहू

लिटरभर पाण्याचं पटलं. एक टाकी आणि आत हात घालून अंधारात फिल्म चढवायची एक काळी पिशवी, एवढ्यात फिल्म तरी धुता येईल. प्रिंटचं नंतर बघू. सक्तीला विरोध कायम.

दुसऱ्या वर्षाची

सक्ती मागे घेते. लिनो मॅमनी एक्झॉस्टचा मुद्दा काढल्यावर आमच्या खोलीत जाऊन बघितलं. आमच्याकडे एक्झॉस्टच नाही, कबुतरांनी ये-जा केलेलं भोक आहे, तेही आम्ही उजेड येतो म्हणून काळ्या कागदाने बुजवलं. तीन तासांनी डोकं का दुखतं ते आत्ता कळलं.

पण तो विषय प्रिंटचाच, यावर मी ठाम आहे. मॅम, विभाग तुमचा नको असेल तर निदान परीक्षेला तुम्ही या. फोटोग्राफीच्या सरांनी आजीच्या प्रिंटवर 'फोकस थोडा सॉफ्ट' एवढंच लिहिलंय. काळ्याबद्दल एक शब्द नाही.

हायपोवाला

आजीची दुसरी प्रिंट काढलीस का, पूर्ण मिनिट ठेवून?

माळ्यावर आमचा एन्लार्जरचा टायमर पडलाय. चालू असेल तर तुमच्या खोलीला देऊन टाकतो. आणि हातमोजे घाल. त्या वयात मीही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाची

काढली काका. पदरातला काळा आला, पण आता गवार दिसत नाही. उद्या गवारीच्या ताटावर पुठ्ठा धरून बघते. टायमर नक्की हवाय, सध्या आम्ही एक-दोन-तीन मोठ्याने मोजतो आणि मध्येच कुणीतरी हसतं.