केबल हलली की मशीन बंद, लवकर सांगा

मिऱ्या_बंदर: भरती-ओहोटी मोजायचा सेन्सर जेट्टीवर बसवलाय, ड्रायव्हर मीच लिहिलाय. केबल जरा हलली की मशीन मरते. पावसाळ्याआधी चालू करायचंय. काय करू?

घाटावरचा: लिनक्स कर्नल कुठला? कशावर जोडलाय? लॉग?

मिऱ्या_बंदर: यूएसबी, दुसरं काय असणार! ६.१. केझॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलं तर रिलीज फंक्शनमध्ये (फाइल बंद होताना चालतं ते) 'यूज आफ्टर फ्री', म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं, दाखवतं. ड्रायव्हरचं मॉड्यूल तर मी काढलेलंच नाही.

देवगडचो: ता सगळा ऱ्हवांदे. आदी प्लग बघ. खाऱ्या वाऱ्यान पिना हिरव्या पडतत. ग्रीस लाव.

घाटावरचा: प्लग सुधारला तरी बग तिथेच. केबल निघते तेव्हा डिव्हाइसची फाइल कोणी उघडून बसलेलं असतं का? आणि तुमचा स्ट्रक्ट (ड्रायव्हरची माहिती ठेवणारा) डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेल्या मेमरीत?

मिऱ्या_बंदर: लॉगर दिवसरात्र चालतो, फाइल उघडीच राहणार ना. हो, डेव्हएम. आपोआप मोकळं होतं म्हणून तर घेतलं.

खाडीपलीकडे: डॉट-ओनरमध्ये (फाइल कोणत्या मॉड्यूलची ते सांगणारी नोंद) धिस_मॉड्यूल घाला. फाइल उघडी असेतो ड्रायव्हर हलत नाही.

घाटावरचा: त्याने आरएममॉड, म्हणजे मॉड्यूल काढणारी कमांड, अडते. उपटलेली केबल कशी अडेल?
@मिऱ्या_बंदर, डेव्हएमची मेमरी डिस्कनेक्ट (केबल निघाल्यावर चालणारं फंक्शन) उरकला की जाते, फाइल कोणाकडे उघडी आहे हे ती बघत नाही. मग लॉगर फाइल बंद करतो आणि रिलीज त्याच मेमरीला हात घालतं. साधं केझॅलॉक घ्या (ते आपोआप मोकळं होत नाही), आत केरेफ (किती जण वापरतायत याची मोजणी) ठेवा. ओपनमध्ये गेट (मोजणी एकने वाढते), रिलीजमध्ये पुट (एकने घटते), आणि प्रोबने (डिव्हाइस जोडताना चालतं ते) धरलेला संदर्भ डिस्कनेक्टमध्ये पुट. शेवटचा पुट होईल तेव्हाच केफ्री, म्हणजे मेमरी मोकळी. शिवाय डिस्कनेक्टमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून 'डिव्हाइस गेलं' असा फ्लॅग लावा. रीड-राइटने तो बघून ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही' ही एरर) द्यायचं. कर्नल सोर्समधलं यूएसबी-स्केलेटन (नमुना ड्रायव्हर) वाचा, हेच केलंय तिथे.

सीला_रामराम: रस्ट भाषेत लिहा, असले बग सहसा होत नाहीत. ६.१ मध्ये आलंय ना?

घाटावरचा: ६.१ मध्ये नुसता पाया आला. त्यावर यूएसबी ड्रायव्हर तुम्ही लिहून दाखवा, मग बोलू.

खाडीपलीकडे: पाण्याची पातळीच वाचायची तर कर्नलमध्ये घुसायचंच कशाला? लिबयूएसबी (कर्नलबाहेरून यूएसबी वापरायची लायब्ररी) आहे की.

मिऱ्या_बंदर: ते विचारलं नव्हतं.
केरेफ घातला. मशीन मरत नाही आता. पण केबल काढली की लॉगर रीडमध्येच अडकून बसतो. हे काय नवीन?

देवगडचो: ग्रीस लावलंस काय?

घाटावरचा: फ्लॅग लावल्यावर वेटक्यूला (डेटाची वाट बघत झोपलेल्यांची रांग) वेक-अप दिलात का? झोपलेल्या रीडला कोणी उठवलंच नाही तर तो फ्लॅग बघणार कधी? आणि आता तरी कोड टाका.