मे महिन्यात एकट्याने तीन दिवसांची पायी भटकंती: पाटणादेवी की तोरणमाळ?

प्रश्न: चाळीसगावकडून पाटणादेवी-पितळखोरा पठार, की सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ? पाण्याचं काय?

उत्तर १: तोरणमाळ. उंची सुमारे ११५० मीटर, यशवंत तलाव गावाशेजारीच. पाटणादेवीकडचे केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबे पावसाळ्यातले. नकाशावरच्या निळ्या रेघेला (ओढ्याच्या खुणेला) मे महिन्यात भुलू नका. शिवाय पाटणादेवी म्हणजे गौताळा अभयारण्य, वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम नाही.

उत्तर २: तोरणमाळच. पण भाऊ, पहाटे ५ ला निघा, ११ ते ४ सावलीत बसा. दिवसाला ५-६ लिटर पाणी, सोबत ओआरएस. नुसतं पाणी पिऊन घामातलं मीठ भरून येत नाही, पायात गोळे येतात.

उत्तर ३: सावली म्हणताय, पण सागाची पानं तेव्हा गळलेली असतात! उतारावर त्याच पाचोळ्यावरून पाय सटकतो. काठी घ्या. चूल नकोच, वणवा लागतो.