एकटा मिलिसेकंद पल्सर: जोडीदार 'खाल्ला' म्हटलं की झालं?

खोडदकर: काल इथे एकाने ठासून लिहिलं, "एकटे मिलिसेकंद पल्सर जोडीदाराला खाऊन एकटे होतात, विषय संपला." कसा संपला? मिलिसेकंद पल्सर म्हणजे सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणारा, मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून 'खाण्याने' त्याला वेग येतो. एकटेपण कुठून येतं? १९८२ साली सापडलेला पहिलाच, बी१९३७+२१, घ्या. सेकंदाला ६४२ फेऱ्या आणि जोडीदाराचा पत्ता नाही.

मास्तर: ते मीच लिहिलं होतं. वर्गात सायकल उलटी ठेवून चाकाला टपल्या मारतो. हात काढला तरी चाक गरगरत राहतं. पडणारा वायू पल्सरला तशाच टपल्या देतो, पोरांना लगेच कळतं. १९९८ मध्ये एसएएक्स जे१८०८ हा पल्सर जोडीदाराचा वायू गिळता गिळता सेकंदाला ४०१ फेऱ्या मारताना दिसला. आणखी काय पुरावा हवा?

खोडदकर: टपल्या मान्य. हात, म्हणजे जोडीदार, कुठे गेला ते सांगा! बी१९५७+२० या पल्सरच्या झोताने त्याचा जोडीदार झिजतोय, सूर्याच्या वस्तुमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के उरलाय. पण झीज इतकी संथ की तो पुरता नाहीसा होईल का, यावरच वाद आहे.

रात्रपाळी: गोलाकार तारकागुच्छांचं, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोळ्यांचं काय? एम२८ या गुच्छात १९८७ मध्ये सापडलेला मिलिसेकंद पल्सर एकटाच आहे. तिथे इतकी दाटी की येणारा-जाणारा तारा जोडी फोडतो.

खोडदकर: बी१९३७ गुच्छात नाही हो, आकाशगंगेच्या तबकडीत आहे.

शब्दवेडा: आधी 'स्पंदतारा' म्हणा. मुलीने 'पल्सर' शोधलं तर पानभर मोटारसायकली आल्या. रडकुंडीला आली होती. आपल्याच भाषेत पोरांना वाट सापडत नाही!

मास्तर: तो स्पंदत नाही, फिरतो. दीपगृहाच्या दिव्यासारखा. चुकीचा शब्द शिकवू?

शब्दवेडा: मग इंग्रजी शब्द तरी कुठे बरोबर आहे? त्यातही स्पंदनच! तो चालतो, मराठी टोचते. वीस वर्षं हेच ऐकतोय.

मास्तर: आवाज चढवू नका. मीही मराठी शाळेतच शिकवतो. दोन्ही शब्द फळ्यावर लिहीन, बस्स.

रात्रपाळी: मूळ मुद्द्यावर या. बी१२५७+१२ या मिलिसेकंद पल्सरलाही जोडीदार तारा नाही, पण त्याच्याभोवती १९९२ मध्ये ग्रह सापडले. फुटलेल्या जोडीदाराच्या मलब्यातून ते घडले असतील, असं एक मत आहे.

मास्तर: बरं, 'खाल्ला' अपुरं आहे. वेग खाण्यानेच आला, ते मात्र सोडणार नाही.

खोडदकर: ते सोडा असं म्हटलंय कोणी? 'विषय संपला' तेवढं खोडा.