मदत हवी आहे: पिकलेला मोतीबिंदू आणि ए-स्कॅनच्या मापांतील तफावत

नमस्कार. माझ्या आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू पूर्ण पिकला असून शस्त्रक्रिया ठरली आहे. बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागापासून दृष्टिपटलापर्यंतची डोळ्याची लांबी मोजावी लागते. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राने डाव्या डोळ्याची लांबी 23.32 मिलिमीटर दाखवली. उजव्या डोळ्यात मात्र किरण आतपर्यंत पोहोचेनात, म्हणून ध्वनिलहरींनी मोजणारे ए-स्कॅन करण्यात आले. थेंब टाकून डोळा बधिर केल्यावर तंत्रज्ञांनी पेनासारखा प्रोब बुबुळावर टेकवून लागोपाठ मापे घेतली. कागदावर 22.71, 22.88, 22.94 आणि 23.14 असे आकडे असून त्यांच्या सरासरीवरून भिंगाचा नंबर काढला आहे.

लांबीत 1 मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात साधारण अडीच ते तीन डायऑप्टरचा (डायऑप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे एकक) फरक पडतो, असे मी वाचले आहे. त्या हिशेबाने या कागदावरील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापातच एका डायऑप्टरहून अधिक अंतर पडते. एकदा बसवलेले भिंग सहसा बदलत नाहीत, म्हणून मला याची फार काळजी वाटते. ध्वनिलहरींनी डोळ्याच्या आतले चित्र दाखवणारे बी-स्कॅनही झाले आहे आणि दृष्टिपटल जागेवर आहे, त्यामुळे ती चिंता नाही. या सरासरीवर विसंबावे, की पुन्हा मोजण्याची विनंती करावी? आणि करायची झाल्यास डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

प्रतिसाद:

नमस्कार. ही मापे घेणे हेच माझे रोजचे काम आहे. माप पुन्हा घ्यायला अवश्य सांगा. प्रोब टेकवताना हाताचा दाब किंचित वाढला, तरी बुबुळ आत दबते आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो. हा फरक बहुधा 0.1 ते 0.3 मिलिमीटरचा असतो. दाबामुळे होणारी चूक नेहमी एकाच दिशेची असल्याने ती सरासरीत भरून निघत नाही. माप आखूड आले की भिंग गरजेपेक्षा जास्त शक्तीचे निवडले जाते आणि शस्त्रक्रियेनंतर दूरचे धूसर दिसते. शिवाय दोन्ही डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर माप पुन्हा तपासून पाहावे असा आमच्याकडे सर्वसाधारण संकेत आहे, आणि आपल्या आईंच्या बाबतीत तो फरक 0.4 च्या आसपास आहे.

‘इमर्शन पद्धतीने मोजता येईल का?’ असे विचारा. तीत पापण्यांच्या मध्ये छोटी नळी बसवून सलाइन भरतात आणि प्रोब त्या द्रवातच राहतो, त्यामुळे बुबुळ दबण्याचा प्रश्नच येत नाही. ती सोय नसेल, तर निदान प्रत्येक मापाचा आलेख पाहण्याची विनंती करा. त्या आलेखात प्रत्येक थरावरून परतलेल्या लहरीचे एक शिखर उमटते. दृष्टिपटलाचे शिखर पायथ्यापासून सरळ उभे चढलेले हवे आणि त्यामागे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाची व खोबणीतील चरबीची शिखरे दिसायला हवीत. चरबीची शिखरे नसतील, तर लहर डोळ्यामागच्या मज्जातंतूकडे गेली असण्याची शक्यता असते आणि ते माप वगळावे लागते.

आईंना पूर्वी मोठा मायनस नंबर होता का, हे कृपया कळवा. तसे असल्यास डोळ्याचा मागचा भाग फुगीर असू शकतो, आणि मग बी-स्कॅनच्या चित्रावर नेमकी जागा पाहूनच लांबी मोजावी लागते.