विषय: ‘कॅन्यन द शे’ सहल – वाटाड्याच्या शुल्काबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरमधील सहलीची सूचना वाचली. ॲरिझोनातील या दरीच्या दक्षिण कड्यावरील रस्ता सर्वांना विनामूल्य खुला आहे आणि प्राचीन घरांचे अवशेष तिथूनही दिसतात. असे असताना प्रत्येक कुटुंबाने नावाहो (तेथील मूळनिवासी समाज) वाटाड्याचे शुल्क का भरावे, हे मला उमगले नाही. ती रक्कम दिवाळीच्या कार्यक्रमासाठी ठेवता येईल. समितीने कृपया खुलासा करावा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद, फिनिक्स

---

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपण प्रश्न विचारलात हे बरे झाले, कारण सूचनेत मी हा मुद्दा एका ओळीत उरकला होता. हे स्थळ 1931 साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले असले तरी त्याची सर्व जमीन नावाहो लोकांच्या मालकीची आहे आणि दरीच्या तळाशी काही कुटुंबे आजही शेती करतात, मेंढ्या पाळतात. त्यामुळे तळाशी गाडी न्यायची तर अधिकृत नावाहो वाटाड्या सोबत असावाच लागतो. ओढ्याच्या पात्रात रुतणारी वाळू कुठे आहे, हेही त्यालाच ठाऊक असते.

कड्यावरून दिसते ते सुंदरच आहे. स्पायडर रॉक हा सुमारे 800 फूट उंचीचा जोडसुळका वरूनच नीट पाहता येतो. नावाहो परंपरेनुसार, माणसांना विणकाम शिकवणारी स्पायडर वूमन तिथे राहते. परंतु ‘व्हाइट हाउस’ हे प्राचीन घर वरून काडेपेटीएवढे दिसते. ज्या पांढऱ्या गिलाव्यावरून त्याला हे नाव पडले, तो खालून स्पष्ट दिसतो. आपल्यापैकी अनेकांना वेरूळ-अजिंठ्याची आठवण होईल, पण ही कोरलेली लेणी नव्हेत. कड्याच्या नैसर्गिक कपारीत दगडमातीने बांधलेली ही राहती घरे असून ती आजच्या प्वेब्लो या दुसऱ्या मूळनिवासी समाजाच्या पूर्वजांची आहेत. नावाहो नंतर आले. हा फरक मला पहिल्या भेटीत वाटाड्यानेच समजावून सांगितला. त्याआधी मी दोन्ही समाज एकच समजत होते, याची मला आजही खंत वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1864 च्या हिवाळ्यात किट कार्सन या अधिकाऱ्याच्या हाताखालील अमेरिकन सैन्य या दरीत शिरले. घरे जाळली गेली, पुढे पीचच्या बागा तोडल्या गेल्या आणि हजारो नावाहोंना न्यू मेक्सिकोतील बोस्के रेडोंडोपर्यंत शेकडो मैल चालवत नेण्यात आले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीवर परतले. ज्यांच्या पणजोबांनी हे सोसले, त्यांच्याच तोंडून ते त्याच जागी उभे राहून ऐकणे आणि कड्यावरील फलकावर वाचणे यांत फार अंतर आहे. आपल्या मुलांनी ते ऐकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून हे शुल्क वगळू नये, असे मला वाटते.

आपली नम्र,
समन्वयक, सहल समिती

---

समन्वयक ताई,
नमस्कार.

सविस्तर उत्तराबद्दल आभार. त्या जमिनीच्या मालकीविषयी मला माहिती नव्हती. माझा आक्षेप मी मागे घेतो आणि आम्हा दोघांची नावे नोंदवावीत, ही विनंती. सौ.च्या गुडघ्यांना चढउतार झेपत नाही, तिची काय सोय होईल? तसेच, अवशेषांच्या आत जाता येते का आणि छायाचित्रे घेता येतात का, हेही कळवावे.

आपला,
तोच सभासद

---

आदरणीय काका,

दोन्ही नावे नोंदवली आहेत. तळाचा प्रवास वाटाड्याच्या उघड्या गाडीतून होतो, त्यामुळे काकूंना चढउतार करावा लागणार नाही. मात्र गाडी ओढ्याच्या पात्रातून जाताना हादरे पुष्कळ बसतात, तेव्हा पाठीला उशी घ्यावी. अवशेषांच्या आत प्रवेश नाही आणि भिंतींना हात लावायचा नाही. प्राचीन घरांची छायाचित्रे घेता येतात, परंतु तेथील रहिवासी, त्यांची घरे किंवा जनावरे यांची छायाचित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत. नावाहो प्रदेशात मद्यबंदी आहे, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

सर्वांना एक विनंती. ॲरिझोनाच्या इतर भागांत घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे नेत नाहीत, पण नावाहो प्रदेशात नेतात आणि ती ऑक्टोबरमध्येही तशीच असतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये चिन्ली गावातील वेळ फिनिक्सच्या एक तास पुढे असेल. पहिल्या भेटीत मी नेमकी इथेच चुकले आणि वाटाड्याला तासभर थांबावे लागले. आपण आदल्या रात्रीच चिन्लीत मुक्कामाला असू, तेव्हा सकाळी नऊ म्हणजे चिन्लीचे नऊ, असे समजावे.

आपली नम्र,
समन्वयक, सहल समिती