स्पिटफायर, हरिकेन आणि मेसरश्मिट: जुन्या छायाचित्रातले विमान खात्रीने कसे ओळखावे?

रानजाई

आमच्या पुण्यातील छोट्या इतिहासगटाचे समाजमाध्यमांवरील पान मी सांभाळते. येत्या ८ ऑक्टोबरला, म्हणजे वायुसेना दिनाच्या निमित्ताने, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवर लढलेल्या भारतीय वैमानिकांवर एक लेखमालिका द्यावी असे आम्ही ठरवले आहे. मजकूर बहुतांशी तयार आहे. अडचण छायाचित्रांची आहे.

गेल्या वर्षी एका संस्थेच्या पानावर याच विषयाची आदरांजली प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यावर चक्क जर्मन मेसरश्मिटचे छायाचित्र होते. ही माणसे ब्रह्मदेशात जपानशी लढली; त्याच शत्रुपक्षातील जर्मनीचे विमान त्यांच्या नावावर छापले गेले. शेकडो लोकांनी खाली अभिवादन केले. दोघा-तिघांनी चूक दाखवली तेव्हा त्यांनाच उलट सुनावण्यात आले आणि दोन दिवसांनी कोणताही खुलासा न करता चित्र काढून टाकले गेले. तोवर ते व्हॉट्सॲपवर सर्वदूर पोहोचले होते. आमच्या वाचकांत या वैमानिकांची नातवंडे आहेत. त्यांच्यापुढे असे काही ठेवण्याची वेळ येऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

म्हणून दोन प्रश्न विचारते. विमानशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने एका इंजिनाची, खाली पंख असलेली, दुरून सारखीच दिसणारी ब्रिटिश स्पिटफायर व हरिकेन आणि जर्मन मेसरश्मिट ही विमाने कोणत्या खुणांवरून वेगळी करावीत? आणि इतके करूनही चूक प्रसिद्ध झालीच, तर ती सुधारण्याची योग्य रीत कोणती?

धावपट्टी

रानजाई, ही विमाने एकमेकांसारखी दिसतात हे त्या काळातल्या वैमानिकांच्याही अनुभवाचे होते आणि त्याची किंमत त्यांनी जीव देऊन मोजली, हे आधी सांगतो. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याला जेमतेम तीन दिवस झाले असताना, ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या स्पिटफायर विमानांनी ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यात मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक मृत्युमुखी पडला. स्पिटफायरने युद्धात पाडलेले पहिले विमान हे असे स्वतःच्याच पक्षाचे होते. तेव्हा नीट ओळख पटवण्याचा तुमचा आग्रह रास्त आहे.

आता खुणांकडे वळू. सर्वांत आधी विमानाचे पोट पाहा. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर हरिकेनमध्ये धडाच्या खाली, बरोबर मध्यभागी, पंखांच्या मागच्या कडेजवळ खोक्यासारखा लटकलेला दिसतो. स्पिटफायरमध्ये तो पंखाखाली असतो. मार्क ५ पर्यंतच्या (मार्क म्हणजे विमानाची क्रमाने आलेली आवृत्ती) स्पिटफायरमध्ये उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी अरुंद नळी, अशी विषम मांडणी आढळते; मार्क ९ पासून दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मेसरश्मिट १०९ मध्येही, ‘ई’ उपप्रकारापासून पुढे, रेडिएटर दोन्ही पंखांखालीच आहेत. म्हणून पोटाच्या मध्यभागी खोके दिसले, तर स्पिटफायर आणि मेसरश्मिट दोन्ही एका दमात बाद होतात. तेवढ्यावर हरिकेन मात्र सिद्ध होत नाही, कारण अमेरिकन मस्टँगचाही रेडिएटर पोटाखालीच असतो. मस्टँगचे पंख चौकोनी टोकांचे आणि धड पूर्ण धातूचे व गुळगुळीत असते, तर हरिकेनच्या धडाचा मागचा भाग चौकटीवर ताणलेल्या कापडाचा असल्याने आतल्या लांब पट्ट्यांच्या उभारलेल्या रेषा कॉकपिटपासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसतात. उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या छायाचित्रात या रेषा इतक्या ठळक असतात की एकदा पाहिल्या की पुन्हा विसरत नाहीत.

दुसरी खूण चाकांची आहे. हरिकेनची चाके आतल्या बाजूला, धडाकडे मिटतात. त्यामुळे जमिनीवर ते पाय चांगले फाकवून उभे असते. स्पिटफायर आणि मेसरश्मिट या दोघांची चाके बाहेरच्या बाजूला, पंखांच्या टोकांकडे मिटतात आणि जमिनीवर त्यांचे पाय एकमेकांजवळ असतात. खडबडीत, घाईने तयार केलेल्या धावपट्ट्यांवर हरिकेन अधिक स्थिर राही, त्याचे हे एक मोठे कारण होते.

मेसरश्मिट वेगळे काढायचे असेल तर नाकाच्या बाजूला असलेल्या धुराच्या नळ्या पाहाव्यात. रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सरळ बसवलेले असते, त्यामुळे स्पिटफायर व हरिकेनमध्ये नळ्यांची रांग नाकाच्या वरच्या भागात येते. डेमलर-बेंझचे इंजिन उलटे बसवलेले असल्याने मेसरश्मिटमध्ये तीच रांग बरीच खाली असते. शिवाय त्याच्या नाकाच्या डाव्या बाजूला हवा घेणारे एक तोंड बाहेर आलेले असते आणि कॉकपिटचे झाकण सपाट काचांचे, कोनदार, मागे सरकण्याऐवजी बाजूला उघडणारे असते. ‘ई’ उपप्रकारात शेपटीच्या आडव्या पंखांना खालून तिरके टेकू दिलेले असतात. ‘एफ’पासून ते गेले आणि पंखांची चौकोनी टोकेही गोलसर झाली.

स्पिटफायर म्हणजे लंबवर्तुळाकार पंख, हा नियम सगळेच सांगतात आणि सर्वसाधारणपणे तो खराही आहे. पण कमी उंचीवर लढण्यासाठी अनेक स्पिटफायर विमानांच्या पंखांची टोके काढून ती चौकोनी केलेली होती, आणि उंचावर उडणाऱ्या काही प्रकारांत टोके वाढवून निमुळती केलेली होती. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. किमान तीन खुणा जुळल्या तरच नाव लिहावे.

कृष्णधवल

धावपट्टी यांनी रचनेच्या खुणा उत्तम सांगितल्या आहेत. मी छायाचित्रांच्या बाजूने भर घालतो, कारण घोळ पुष्कळदा तिथेच होतो.

पहिली गोष्ट रंगांची. त्या काळच्या काही फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा, पिवळाही गडद आणि निळा फिकट उमटत असे. त्यामुळे कृष्णधवल चित्रातील वर्तुळाकार चिन्हाचा मधला ठिपका कोणत्या रंगाचा होता, याचा अंदाज नुसत्या छटेवरून बांधू नये. हल्ली संगणकाने रंग भरलेली चित्रे सर्रास फिरतात. त्यांतले रंग म्हणजे पुरावा नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या चित्रांत तर स्पिटफायरचे पंख आणि मस्टँगचे पोट एकाच विमानाला जोडलेले मी पाहिले आहे.

तुमच्या विषयासाठी मात्र चिन्हाची एक गोष्ट फार उपयोगाची आहे. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. त्याच्याशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये म्हणून आग्नेय आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला आणि गडद व फिकट अशा निळ्या छटांचे लहान चिन्ह वापरात आले. पुढे १९४५ च्या सुमारास पंखांवर आणि शेपटीवर पांढरे आडवे पट्टेही आले. ब्रह्मदेश आघाडी, १९४४ असे म्हणून तुम्हाला दिलेल्या चित्रात पिवळ्या कडेचे, तांबड्या ठिपक्याचे मोठे चिन्ह ठसठशीत दिसत असेल, तर चित्र बहुधा युरोपातले आहे. नॉर्मंडीच्या चढाईसाठी जून १९४४ मध्ये रंगवलेले काळे-पांढरे पट्टे दिसले तर प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट नकली मेसरश्मिटची. युद्धानंतर स्पेनमध्ये मेसरश्मिट १०९ परवान्याने बांधले जात होते आणि शेवटी त्यात ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवले गेले. हिस्पानो बुचोन या नावाचे ते विमान १९६९ च्या एका गाजलेल्या ब्रिटिश युद्धपटात जर्मन विमान म्हणून उडवले गेले आणि आजही हवाई प्रदर्शनांत जर्मन रंगांत दिसते. त्याच्या धुराच्या नळ्या वरच्या भागात असतात आणि नाकाखाली हनुवटी फुगलेली दिसते. १९४० चे मूळ छायाचित्र म्हणून फिरणारी कितीतरी रंगीत चित्रे प्रत्यक्षात याच विमानाची आहेत.

तिसरे म्हणजे धडाच्या मागच्या भागावरील क्रमांक वाचण्याचा प्रयत्न करा. ब्रिटिश विमानांवर तो एक अक्षर व चार अंक किंवा दोन अक्षरे व तीन अंक अशा रूपात असतो. तो वाचता आला, तर विमानाचा प्रकार आणि बहुधा स्क्वॉड्रनही सापडते. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह आणि भारतीय वायुसेनेच्या इतिहासासाठी भारत रक्षक हे संकेतस्थळ, या दोन ठिकाणी चित्र ताडून पाहिल्याशिवाय ते पानावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलटटपाली

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. अशी फजिती मोठमोठ्यांची झाली आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

२००९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या स्थलांतरितांच्या विरोधात उभ्या असलेल्या पक्षाने प्रचारचित्रावर स्पिटफायर वापरले. विमान बरोबर होते, पण त्याच्या धडावरील ‘आरएफ’ ही अक्षरे ३०३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची होती, आणि ते स्क्वॉड्रन ब्रिटनच्या बाजूने लढायला आलेल्या पोलिश वैमानिकांचे होते. परक्यांना विरोध करण्यासाठी परक्यांचेच विमान वापरले गेले. २०१८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या रॉयल मेलने नॉर्मंडी चढाईच्या पंचाहत्तरीनिमित्त काढायच्या तिकिटांचे नमुने जाहीर केले. त्यातले एक चित्र नॉर्मंडीचे नसून डच न्यू गिनीमध्ये उतरणाऱ्या अमेरिकन सैनिकांचे आहे, हे लोकांनी ट्विटरवर लगेच दाखवून दिले. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारासाठी निधी गोळा करणाऱ्या समितीच्या, सैनिकांना पाठिंबा देण्याचे आवाहन करणाऱ्या जाहिरातीत आकाशात झेपावणारी विमाने रशियन बनावटीची मिग-२९ निघाली. आपल्याकडे मे २०२५ मध्ये २०२१ साली पंजाबातील मोगा येथे कोसळलेल्या मिग-२१ चे छायाचित्र पाडलेले राफेल म्हणून फिरवले गेले आणि पत्र सूचना कार्यालयाला त्याचे खंडन करावे लागले.

यांत रॉयल मेलचे वागणे मला अनुकरणीय वाटते. त्यांनी चूक मान्य केली, क्षमा मागितली आणि ते चित्र तिकिटावर छापले जाणार नाही असे सांगितले. गुपचूप काढून टाकलेली नोंद स्क्रीनशॉटांतून जिवंतच राहते आणि ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती कधीच पोहोचत नाही. म्हणून चुकीचे चित्र बदला, पण मजकुराच्या अगदी सुरुवातीला, पहिल्याच ओळीत, आधी कोणते चित्र होते, ते का चुकीचे होते आणि कोणी लक्षात आणून दिले, हे लिहा. व्हॉट्सॲपवर मूळ संदेश गेला असेल, तर त्याच गटांत दुरुस्तीही तुम्हीच पाठवा. चूक दाखवणाऱ्या वाचकाचे आभार जाहीरपणे मानले, तर पुढच्या वेळी तो प्रकाशनाआधी मदत करायला येतो.

रानजाई

आपणा तिघांचे मनापासून आभार. धावपट्टी, एका चित्राबद्दल विचारते. विमान धुळीत उभे आहे, पाय फाकलेले आहेत, धडावर कापडाच्या रेषा दिसतात. पण नाकाखाली एक मोठी फुगीर हनुवटी आहे आणि प्रत्येक पंखातून दोन लांब नळ्या पुढे आल्या आहेत. हनुवटी पाहून मला बुचोनची शंका आली. खाली इम्फाळ, १९४४ असे लिहिलेले आहे. आणि आमच्यातील काहींना मुखपृष्ठावर स्पिटफायरच हवे आहे, कारण ते लोकांना ओळखीचे वाटते.

धावपट्टी

ते निःसंशय हरिकेन आहे. नाकाखालचा फुगवटा म्हणजे धूळ अडवणारी व्होक्स गाळणी. वाळवंटात आणि आपल्याकडे पाठवलेल्या विमानांना ती बसवलेली असे. तशीच गाळणी स्पिटफायर मार्क ५ लाही असते, तेव्हा तिच्यावरून विमान ठरवू नये. पंखांतून आलेल्या चार नळ्या म्हणजे २० मिलिमीटरच्या तोफा, म्हणजे हा हरिकेनचा मार्क २सी हा प्रकार.

मुखपृष्ठावर हेच घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अर्जन सिंग यांनी १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व केले आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले, तेव्हा त्यांचे स्क्वॉड्रन हरिकेनच उडवत होते. ब्रिटनच्या लढाईतही ब्रिटिश लढाऊ विमानांपैकी सर्वाधिक शत्रुविमाने हरिकेननेच पाडली. आपल्या वायुसेनेत स्पिटफायर प्रथम १९४४ मध्ये ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला मिळाले. त्या स्क्वॉड्रनवरील लेखात ते जरूर वापरा. मुंबईच्या वाचकांसाठी वेगळी चौकट द्यायची असेल, तर ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असे नाव होते आणि ते स्पिटफायर उडवत असे, हेही तिथे सांगता येईल.

चित्राखाली ‘हॉकर हरिकेन मार्क २सी, इम्फाळ, १९४४’ एवढेच लिहा आणि चित्र कोणत्या संग्रहातून घेतले ते नोंदवा. शेजारी उभ्या असलेल्या वैमानिकाचे नाव मूळ नोंदीत नसेल, तर आपल्याकडून घालू नका. त्याऐवजी कोणाला ओळख पटल्यास कळवावे, अशी ओळ टाका. आपल्या वाचकांत नातवंडे आहेत असे आपणच म्हणाला आहात.