डार्विनमध्ये पाहिलेल्या या काटकुळ्या लाकडी आकृती कोणाच्या?

रश्मी_मेलबर्न
मागच्या आठवड्यात मुलाला घेऊन उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला गेले होते. तिथे एका कलादालनात माणसाहून उंच, पण मनगटाएवढ्याच जाडीच्या लाकडी आकृती पाहिल्या. शेजारी कंबरेखाली माशाची शेपटी असलेली एक बाई. पाटीवर ओवेन यलंजा, मनिंग्रिडा, एवढंच. मुलगा विचारत होता, "आई, ही भुतं आहेत का?" मला काही सांगता आलं नाही. असं काही विकत घेऊन घरात ठेवलेलं चालतं का?

वैशाली_डार्विन
रश्मीताई, भुतं नव्हेत. काटकुळे आहेत ते मिमी नावाचे आत्मे. डार्विनच्या पूर्वेकडच्या आर्नहेम लँडमधल्या कड्यांच्या कपारींत राहतात. मनिंग्रिडा हे तिथलंच गाव. इतके बारीक की जोराच्या वाऱ्याने मान मोडेल. शिकार, नाच, चित्रं हे सगळं माणसांना त्यांनीच शिकवलं, असं तिथले कुनिंजकू आदिवासी मानतात.

कातळावरच्या चित्रांत मिमी फार जुने. लाकडात ते आणले पाटीवरच्या शिल्पकाराच्या, म्हणजे ओवेन यांच्या वडिलांनी, क्रूसो कुनिंगबल यांनी, १९६० च्या दशकात. बाळ जन्मलं की दूरदूरच्या दोन गटांना जोडणारा ममरुंग नावाचा सोहळा असतो, त्यातल्या नाचगाण्यासाठी. अंगभर ठिपके द्यायचे. १९८४ मध्ये ते गेले, पण त्याआधी मुलांच्या हातात ही कला देऊन गेले.

शेपटीवाली ती यॉकयॉक. शब्दाचा अर्थच तरुण मुलगी. ती पाण्यात राहते, आणि तिचा एक डोह ओवेन यांच्या दंगकोलो कुळाच्या जमिनीत आहे. त्याची राखण त्यांच्याकडे आहे.

फोटो काढले असतील तर मोठे करून अंगावरचं काम बघा. इथे ऑगस्टमध्ये आदिवासी कलेचा मेळा भरतो. तिथे मी ओवेन यांच्या एका यॉकयॉकपुढे चक्क जमिनीवर बसून पाहिलं. ठिपका एकही नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन फटकाऱ्यांची एकेक बारीक खूण, एकीखाली एक, ओळीने शेपटीपर्यंत. माशाचे खवलेच! वडिलांचा ठिपका सोडून ही खूण त्यांनी स्वतः घडवली. लोक "पारंपरिक" म्हणून एका नजरेत पुढे जातात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. एका माणसाने आयुष्यभर विचार करून शोधलेली खूण आहे ती.

घरात खुशाल ठेवा, ही कामं विकण्यासाठीच केलेली असतात. फक्त मनिंग्रिडाच्या कलाकेंद्रातून आली आहे ना, एवढं विचारा आणि तसा कागद मागून घ्या.

सावंतवाडीचा_सुतार
लाकूड कुठलं? आमच्याकडे खेळण्यांना पूर्वीपासून पांगारा, मऊ आणि हलका. एवढी लांब, बारीक आकृती कठीण लाकडात काढायची म्हणजे जीव जाईल.

वैशाली_डार्विन
दादा, अंदाज बरोबर. कुराजाँग नावाचं तिथलं झाड. मऊ, हलकं, आपल्या कांडोळाच्या भाऊबंदांतलं. सालीपासून दोरही वळतात. रंग गेरू आणि पांढऱ्या मातीचे. आणि ओवेन सरळसोट खोडाच्या मागे लागत नाहीत. वाकलेलं खोड बघून आणतात आणि तो वाक तसाच ठेवतात. रश्मीताईंनी पाहिलेली बाई पाण्यात वळल्यासारखी दिसली असेल, तर ते वळण झाडाचंच.